आईच्या पद्धतीचं लोणचं

कुरुद, भिलाई
२४ एप्रिल

ताई,

वाकून नमस्कार. कंबर धरल्यामुळे तो अर्धाच झाला आहे. उरलेला तुझ्या ममताच्या लग्नात करीन.

परवा फोनवर तू "हं, हं, बरं झालं" म्हणालीस तेव्हाच मी ओळखलं की तुला काही ऐकू आलेलं नाही, कारण मी सांगत होतो ते अजिबात बरं नव्हतं. कानात मशीन घाल म्हटलं तर तू म्हणतेस ते कुरकुरतं. मी आवाज चढवला तर पलीकडच्या गल्लीतले लोक खिडक्या उघडतात. म्हणून हे पत्र. शामराव गार्ड उद्या गोंदियाच्या गाडीवर आहेत. मोहन नगरला त्यांच्या घरी नेऊन देतो, म्हणजे संध्याकाळपर्यंत तुझ्या हातात पडेल.

बातमी अशी की वंदना यंदा लोणचं घालणार नाही. दवाखान्यातली ड्यूटी करून आली, पर्स खुंटीला लावली, तांब्याभर पाणी प्यायली आणि म्हणाली, "यंदा मी लोणचं घालणार नाही. ज्याला पाहिजे त्याने घालावं." सूत्रकारांना हेवा वाटावा इतकं संक्षिप्त. मी भाष्य मागितलं, ते मिळालं नाही. तब्येत? बरी आहे. राग? नाही. मग? मग काही नाही. तीस वर्षं मुलांना संस्कृत शिकवतो आहे. अन्वय लागत नाही असं वाक्य फार कमी वेळा भेटलं.

आता माझी अवस्था पाहा. वैशाख लागला की आमच्या घरून बरण्या निघतात: तुला, तुमसरला काकांकडे, नागपूरला, रायपूरला, आणि एक आमच्या प्राचार्यांना, जी मी स्वतः विनम्रभावाने नेऊन देतो. कालच तुमसरहून काकांचा फोन, "तुझ्या आईच्या हातचं कधी येते?" आईला जाऊन नऊ वर्षं झाली, पण तिच्या हातचं लोणचं दरवर्षी वेळेवर जातं. यंदा मी काय पाठवू? आणि तू तर तुझ्या नागपूरच्या विहीणबाईंना सांगून बसली आहेस की रुखवतात आमच्या आईच्या लोणच्याची बरणी असेल. लग्न तीन जूनला. रिकामी बरणी मांडून ती प्रतीकात्मक आहे असं म्हणता येईल, पण नागपूरचे लोक ऐकणार नाहीत.

तेव्हा मी निश्चय केला आहे. लोणचं मीच घालणार. शेवटी त्यात आहे काय? आंबा, मीठ, तेल. आईची कृती तेवढी लिहून पाठव. मापं लिही. "अंदाजाने" हा शब्द पत्रात कुठेही येऊ देऊ नकोस.

तुझा
पुंडलिक

॰

गोंदिया
२८ एप्रिल

पुंडलिका,

सुखी राहा. वंदनालेही आशीर्वाद सांग, म्हणजे ती घेत असेल तर.

तुझं पत्र वाचून माझं डोकं गरम झालं. लग्न तोंडावर, मंडपवाला रोज नवीन गोष्ट सांगून राहिला, ममताची सासू दर दोन दिवसांनी फोन करून राहिली, आणि त्यात हे. कावून असं करते ती? तुम्ही भांडले का? का मी साखरपुड्यात तिले दिलेली साडी आवडली नाही? मले तिचा रंग दुकानात वेगळा दिसला होता, घरी वेगळा निघाला, हे मी तेव्हाच सांगतलं होतं.

आणि साखरपुड्यात तर किती छान झालं सगळं. तू खाण्यात होता म्हणून तुझं लक्ष नसेल. वंदना पंगतीत लोणचं वाढत होती. विहीणबाईंनी एक फोड खाल्ली, दुसरी मागून घेतली आणि विचारलं, कोणी घातलं हे? मी सांगतलं, आमच्या आईचं आहे, तीन पिढ्या चालत आलेली चव. सगळ्यांसमोर मान वर झाली आपली. वंदनाही तिथंच उभी होती, तिनं ऐकलं. तिलेही बरं वाटलं असेल, सासूचं नाव निघालं म्हणून. मग आता काय झालं?

मले वाटते दवाखान्यात काम वाढलं असेल. नाहीतर वय. आमच्या वयाच्या बायांचं असं होते. तू तिले चार दिवस काही म्हणू नको.

आता कृती. खरं सांगू का, मी आईले करताना डोळ्यांनी पाहिलं, हातानं कधी केलं नाही. लग्नाआधी माझा अभ्यास होता आणि लग्नानंतर तुझ्या घरून बरणी येत गेली. पण आठवते सगळं. आंबा गावरान, कडक, आत कोय धरलेला. धुवायचा, पुसायचा, कोयीसकट फोडायचा. मीठ भरपूर, म्हणजे फोडी मिठात दिसल्या नाही पाहिजेत. हळद. रात्रभर ठेवून सुटलेलं पाणी काढायचं. मोहरी कुटून, मेथी भाजून, तिखट. तेल जवसाचं, दुसरं कोणतं नाही. गरम करून थंड झालं की वरून. बाकी अंदाजानं.

तू हा शब्द लिहू नको म्हणतला, पण आईजवळ दुसरं माप नव्हतं.

तुझी
ताई

॰

कुरुद, भिलाई
८ मे

ताई,

नमस्कार. यावेळी पूर्ण, कंबर बरी आहे. बाकीचं काहीही बरं नाही.

पावर हाउसच्या बाजारात गेलो. तिथे ओळीने लोक बसतात, फळीवर ठोकलेला हातभर लांब, अडकित्त्यासारखा सरोता, पुढे फोडलेल्या आंब्यांचा ढीग. मी आंबे घेतले, त्याने विचारलं, "छोटा पीस कि बड़ा, सरजी?" मी म्हणालो आमच्या आईच्या पद्धतीने. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी घाईने म्हणालो, मध्यम. आंब्याला संस्कृतात सहकार असंही नाव आहे. या आंब्यांनी तो मला काडीचा केला नाही. निम्म्यांच्या आत कोय अजून बोटाने दबेल इतकी कोवळी, हे घरी आल्यावर कळलं.

मग जवसाचं तेल. किराणावाल्यांनी हात वर केले. एकाने आयुर्वेदाच्या दुकानात पाठवलं, तिथे बोटभर बाटली निघाली, वर गुडघ्याचं चित्र. शेवटी दुर्गला एका तेलघाण्यावर मिळालं. स्कूटरवर दोन पायांच्या मध्ये डबा धरून आणलं. वाटेत दोन वेळा उतरून झाकण दाबलं, तरी चप्पल अजून निसरडी आहे.

पहिली बरणी चार दिवसांत वरून पांढरी झाली. तू लिहिलं होतंस धुवायचे, पुसायचे. मी धुतले, पुसले. टॉवेल ओला होता हे तू लिहिलं नव्हतंस. दुसऱ्या खेपेला तेल थंड व्हायची वाट पाहिली नाही, कारण शाळेत उन्हाळी वर्ग होता. फोडी शिजल्या. नीतू म्हणाली, "पापा, ये अचार नहीं, सब्ज़ी है," आणि पोळीशी खाऊन टाकली. या मुलीला मी घरात मराठी बोल म्हणून सांगतो, पण त्या क्षणी दुरुस्त करायचा उत्साह नव्हता.

हे सगळं चालू असताना वंदना पलीकडे खुर्चीवर पेपर घेऊन बसलेली. मी मुद्दाम मोठ्याने स्वतःशी बोलत होतो: मीठ किती बरं? मेथी लाल करायची की काळी? पान उलटल्याचा आवाज. शेवटी मी थेट विचारलं, निदान तेलाचं तरी सांग. तिने चष्म्यावरून पाहिलं. "आईंची पद्धत आहे ना? आईंना विचारा."

ताई, मी चिडलो. मी म्हणालो, लग्नघरची गोष्ट आहे, जरा समजून घे. ती उठली, माझ्या हातातला झारा घेतला, मला वाटलं आता सुरू होणार. तर तो धुऊन जागेवर लावला आणि ड्यूटीवर गेली.

तू म्हणतेस काम वाढलं असेल. काम तेवढंच आहे, मी पाहतो. वय म्हणशील तर ती माझ्यापेक्षा लहान आहे आणि जिने माझ्यापेक्षा लवकर चढते. साडीबद्दल विचारलं. म्हणाली, साडी चांगली आहे. मला तर्कशास्त्र थोडं येतं, पण इथे नुसता धूर दिसतो, अग्नी कुठे आहे ते कळत नाही.

आता एकाच बरणीपुरतं तेल उरलं आहे. शाईने लिहितो आहे, नीट वाच आणि उत्तर दे: "भरपूर मीठ" म्हणजे किती?

पुंडलिक

॰

गोंदिया
१३ मे

पुंडलिका,

भरपूर म्हणजे भरपूर. फोडींच्या निम्मं. तुले जास्त वाटेल, पण आईले वाटत नव्हतं.

तू मले असे प्रश्न पाठवून राहिला जसं काही मी रिकामी बसली. इथं पत्रिका वाटायच्या राहिल्या, आचाऱ्यानं अर्धे पैसे आधी मागितले, आणि रुखवताची बाकीची मांडणी झाली, मधोमध बरणीची जागा रिकामी आहे. ममता म्हणते आई, बाजारातून आणून बरणीत भरून देऊ. मी तिले म्हटलं, तुझ्या सासूनं एकदा खाल्लं आहे, तिची जीभ काय गहाण आहे?

आणि वंदनाचं हे बरोबर नाही. मी तिच्याशी फोनवर बोलली. माझ्या कानानं जेवढं ऐकू आलं त्यात "हो ताई" आणि "पाहू ताई" एवढंच होतं. घरचं कार्य असताना सुनेनं हात बांधून बसावं, हे आईनं पाहिलं असतं तर? मले राग आला म्हणून लिहिलं. तिले वाचून दाखवू नको.

तू जे घालशील ते शामरावच्या हाती पाठव. मी आधी चाखून पाहीन, मग रुखवतात मांडीन. तुझ्यावर विश्वास नाही असं नाही, पण नाहीच.

ताई

॰

कुरुद, भिलाई
२२ मे

ताई,

बरणी पाठवतो आहे. शामरावांना सांगितलं आहे की ही मांडीवर घेऊन बसा. ते म्हणाले मी गाडीला झेंडी दाखवू की बरणी सांभाळू. तेव्हा तोंडावरचा फडक्याचा दादरा दोन वेळा बांधला आहे, तरी कपड्यांजवळ ठेवू नकोस.

या खेपेला तुझं पत्र ओट्यावर उभं करून, अक्षर न अक्षर पाळून घातलं. आंबे तीन जागी फिरून कडक पाहून घेतले, कोयीने सरोत्याखाली कटकन आवाज केला. पंख्याखाली सुकवले. मीठ निम्मं. घालताना जास्त वाटलं, पण मी डोळे मिटले. तेल पूर्ण थंड होऊ दिलं. मुरायला दिवस कमी मिळाले म्हणून रोज उन्हात ठेवलं. इथे सध्या ऊन असं आहे की बरणीला हात लावताना फडकं लागतं. बुरशी नाही, वास चुकीचा नाही. शास्त्रोक्त आहे.

फक्त मी एक फोड तोंडात घातली आणि समुद्रमंथनात आधी काय वर आलं होतं ते आठवलं. अर्धा तांब्या पाणी प्यालो. नीतूने बोट लावून चाखलं आणि गूळ शोधायला गेली. हे आपलं लोणचं नाही, ताई. चव तर दूरची, रूपही नाही. आपल्या लोणच्यात ते काळे दाणे असतात, दातात अडकतात, ते कुठे आहेत? तू काहीतरी लिहायची विसरलीस. नाहीतर मुद्दाम लपवलंस, जसे जुने वैद्य एक औषध स्वतःजवळ ठेवत.

वंदना या वेळी मात्र पेपर ठेवून आली. दादरा बाजूला करून वास घेतला. मग म्हणाली, "बरोबर झालं आहे." मी म्हटलं, काय बरोबर झालं आहे, खाऊन तर बघ. ती म्हणाली, "ताईंना पाठवा. त्यांना कळेल."

मी थकलो. मला कोणीतरी सरळ वाक्यात सांगेल का, की या घरात नक्की काय चाललं आहे?

पुंडलिक

॰

गोंदिया
२५ मे

पुंडलिका,

बरणी पोचली. सांडली नाही.

झाकण काढलं. तो जवसाचा वास. मले तुमसरचं घर दिसलं, चुलीजवळची ती मातीची बरणी. मी एक फोड खाल्ली. पुंडलिका, तू काही चुकला नाही. हे आईचंच लोणचं आहे. असंच होतं ते. असंच खारट. आपण पाच भावंडं, एका फोडीत ताटभर भात संपला पाहिजे म्हणून ती असं घालायची. तुले आठवत नसेल, तू लहान होता. आम्ही मोठी भावंडं फोड पाण्यात बुचकळून मग खायचो, आणि आईनं पाहिलं की मार बसायचा. मी हे सगळं विसरून गेली होती. कशी विसरली?

मग एवढी वर्षं तुझ्या घरून येत होतं ते कोणाचं होतं? त्यात मोहरीचं तेल असते, ते आईजवळ नव्हतं. काळे दाणे नव्हते, ती कलौंजी आहे, आपल्याकडे कोणी पाहिलीही नव्हती. आई भिलाईले आली तेव्हा तिचे डोळे गेले होते, ती बाजेवरून उठत नव्हती. हे आपल्याले माहीत होतं, आणि तरी आपण सगळे आईच्या हातचं, आईच्या हातचं म्हणत खात बसलो.

साखरपुड्यात तिच्या हातात लोणच्याचं भांडं होतं आणि मी तिच्यासमोर उभी राहून ते विहीणबाईंले सांगतलं.

सोबत दुसरा कागद आहे, तो वंदनाचा. तू वाचू नको. वाचशीलच, पण नंतर वाच.

ताई

॰

गोंदिया
२५ मे

वंदना,

मले असं पत्र लिहिता येत नाही, म्हणून जे आहे ते लिहिते. लोणचं तुझं आहे. मी चुकीचं सांगतलं. जाणून नाही सांगतलं, पण त्यानं काय फरक पडते, तू तर ऐकलंच.

पण तूही एवढ्या वर्षांत एकदा म्हणायचं होतं ना, की ताई, हे मी घालते. मी काय खाऊन टाकलं असतं तुले? मनात ठेवायचं आणि ऐन लग्नात हात बांधायचे, याचाही मले राग आला आहे, तो खोटं बोलून लपवत नाही.

अजून आठ दिवस आहेत. एक बरणी घाल. नवं असलं तरी चालते. मी विहीणबाईंले स्वतः सांगीन की हे आमच्या वंदनाचं आहे, आधी चुकून बोलली. ममताचा हट्ट नाही, माझा आहे.

सत्यभामा

॰

कुरुद, भिलाई
२९ मे

ताई,

नमस्कार. हे पत्र मी यांच्या हाती न देता शामरावांकडे स्वतः नेऊन देणार आहे, कारण यांनी वाचलं की ते त्यात व्याकरण पाहतील.

तुमचं पत्र मी दोन वेळा वाचलं. पहिल्या वेळी रडू आलं आणि दुसऱ्या वेळी तुमच्यासारखाच राग आला. तुम्ही विचारता, एकदा का म्हटलं नाही. ताई, बरणी देताना कोणी म्हणते का, की ही माझी आहे बरं? मले वाटायचं, माहीत आहे सगळ्यांना. आईंचे डोळे सगळ्यांनी पाहिले होते. मग मले वाटलं, माहीत असून म्हणतात, आईंच्या आठवणीसाठी. साखरपुड्यात कळलं की खरंच माहीत नाही. हेही तिथंच बसले होते, तोंडात फोड होती, आणि तुम्ही बोलल्या तेव्हा यांनी मान हलवली. यांच्यासमोर मी दरवर्षी घालते. तुमच्यापेक्षा त्याचं जास्त लागलं.

आई इथं आल्या त्या पहिल्या उन्हाळ्यात बाजेवरून सांगायच्या, फोडींच्या निम्मं मीठ घाल. मी हो म्हणायची आणि त्याच्या अर्ध्याहून कमी घालायची. तेल मोहरीचं आणि कलौंजी, ते मी दवाखान्यातल्या बाकीच्या सिस्टरांचं पाहून शिकली. आईंना दिसत नव्हतं, पण नाक शाबूत होतं. एक दिवस बरणी नाकाशी नेली आणि म्हणाल्या, "हे माहं नोहे. पण पोट्टे मागून खाऊन राहिले. तुह्यासारखंच घालत जाय." तुमच्या घरात मले लोणच्याबद्दल एवढंच कोणी म्हटलं.

आणखी एक सांगते. मी लोणचं खात नाही. आंबटानं माझं पोट जळते, लग्नाआधीपासून. मीठ-तिखट बरोबर झालं का, हे मी यांना एक फोड देऊन यांच्या तोंडाकडे पाहून ठरवते. डावा डोळा बारीक झाला की मीठ जास्त. भुवया वर गेल्या की मोहरी चढली. एवढी वर्षं हे समोर बसून मले माप देत आले आणि तुम्हाले लिहितात की कृती माहीत नाही.

आता बरणीचं. होत नाही, ताई. रागानं नाही म्हणत. आंब्याला पाड लागला. बाजारात आता आहेत ते आतून पिवळे, त्यांचं लोणचं आठ दिवसांत मऊ पडते. रुखवतात मांडून नंतर ममताच्या सासरी ते नासलं तर लोक तिलेच बोलतील. यांनी पाठवलेली बरणी आहे तुमच्याकडे, तीच मांडा. तुम्ही विहीणबाईंले आईंचं लोणचं कबूल केलं होतं, ते खरोखर आईंचं आहे, त्यात खोटं काही नाही. बरणीत थोडं मुरू द्या. विहीणबाईंनी चाखलं आणि तोंड वाकडं केलं तर एका फोडीत ताटभर भात ही गोष्ट सांगा. मले तर ती माहीत नव्हती. यांनी स्वतःला आलेलं तुमचं पत्र वाचून दाखवलं तेव्हा मी मनातल्या मनात आईंशी बोलली, की मले सांगायचं होतं, मी मिठावरून तुमच्यावर एवढी चिडली नसती.

माझं नाव विहीणबाईंले सांगू नका. मी हात बांधले ते त्यांच्याकरता नव्हतंच. पुढच्या उन्हाळ्यात मी घालीन का नाही, ते आज सांगत नाही. आंबे आले की फोन करून मले विचारा. मशीन कानात घालून विचारा, कारण उत्तर एकदाच देईन.

दोन तारखेला आम्ही तिघं निघतो. मामीचं जे काय करायचं असते ते सगळं करीन, हळद, ओटी, सगळं. पण पंगतीत वाढायला उभी राहणार नाही. पहिल्या पंगतीत बसणार आहे, तुमच्या बाजूला. पाट मांडून ठेवा.

वंदना